बजी आजारी आहे हे ओळखायचं कसं, आणि पहिल्या चोवीस तासांत करायचं काय

बजी, म्हणजे बजरीगर हा छोटा पाळीव पोपट, फुगून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसतो, तेव्हा तो आजाराचा पहिला दिवस नसतो. रानात आजारी दिसणारा पक्षी सर्वात आधी शिकार होतो, त्यामुळे हे पक्षी अंगात त्राण असेपर्यंत दुखणं लपवतात. "काल तर छान खेळत होता हो" असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो ते त्यामुळेच. पस्तीस ग्रॅमच्या जिवाकडे साठा फारसा नसतो; एक दिवस पूर्ण उपाशी गेला की तो धोक्यात येतो. म्हणून लक्षणं पाठ करण्याआधी रोज बघायचं काय, हे शिकावं लागतं.

एक खुलासा. आपल्याकडच्या दुकानांत बजीला सर्रास लव्हबर्ड म्हणतात. डॉक्टरांशी फोनवर बोलताना "बजी" असंच सांगा आणि वजनही सांगा. खरा लव्हबर्ड वेगळा, वजनाला थोडा जड, आणि औषधाचा हिशेब वजनावरच चालतो.

१. हे साहित्य आधीच घरात ठेवा

आजारपणात रात्री दहा वाजता सोलापुरात यातलं काही मिळणार नाही.

- ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा. एक ग्रॅमचा स्वयंपाकाचा काटाही चालेल, पण फरक उशिरा कळेल.
- आडवे बार असलेला लहान पिंजरा किंवा हवेला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा. हाच दवाखान्याचा पिंजरा आणि हाच प्रवासाचा डबा.
- ४० वॉटचा जुना पिवळा बल्ब, होल्डर आणि वायर. एलईडी बल्ब उपयोगाचा नाही. तो उजेड देतो, ऊब देत नाही. कोंबडीच्या पिल्लांचं सामान विकणाऱ्यांकडे पिवळे बल्ब अजून मिळतात.
- पिंजऱ्यात ठेवता येईल असा थर्मामीटर.
- सुई काढलेल्या १ मिलीच्या दोन-तीन सिरिंज.
- २०० मिली पाण्यात मिसळायची ओआरएसची छोटी पुडी.
- कॉर्नफ्लोअर, स्वच्छ गॉझ, छोटी टोकदार कात्री.
- राळ्याची अख्खी कणसं आणि समुद्रफेस, म्हणजे दुकानातलं कटलबोन.
- एक वही.

२. पक्षी धडधाकट असताना त्याची नोंद करा

ज्याची नॉर्मल अवस्था लिहून ठेवलेली नाही, त्याचं बिघडलेलं ओळखता येत नाही. साधा बजी ३० ते ४० ग्रॅमचा असतो. प्रदर्शनाच्या मोठ्या जातीचा त्याहून बराच जड. तुमचा पक्षी ३२ चा असो की ३८ चा, त्याचा स्वतःचा आकडा महत्त्वाचा.

वजन आठवड्यातून दोनदा, सकाळी दाणे घालण्याआधी करा. काट्यावर झाकणाचा डबा ठेवून शून्य करा आणि मग पक्षी आत सोडा. एक-दीड ग्रॅम इकडेतिकडे होतच राहतं. पण दहा टक्के, म्हणजे पस्तीसच्या पक्ष्याचे साडेतीन ग्रॅम कमी झाले, तर बाकी काहीही दिसत नसलं तरी तो आजारी आहे असं धरून चला.

काटा नसेल तर छातीच्या मधोमध असलेल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागलं पाहिजे. हाड सुरीच्या धारेसारखं बोटाला टोचत असेल, तर वजन बऱ्याच दिवसांपासून उतरत आलं आहे.

३. सकाळची दोन मिनिटं

पिंजऱ्याजवळ जाण्याआधी लांबून बघा. माणूस जवळ आला की आजारी बजीही ताठ बसून बरा असल्याचं नाटक करतो. त्याला तुम्ही दिसत नसताना तो कसा बसला आहे, तेच खरं.

झोप: निरोगी बजी दुपारीही डुलकी काढतो, पण एका पायावर, मान मागे पिसांत खुपसून. दोन्ही पायांवर फुगून, डोळे अर्धवट मिटून, बाकीचे किलबिलत असताना हा गप्प असेल, तर गडबड आहे.

शेपूट: शांत बसलेल्या पक्ष्याची शेपूट हलताना दिसत नाही. प्रत्येक श्वासाबरोबर खालीवर होत असेल, तर श्वास घेण्यासाठी त्याला जोर लावावा लागतो आहे. उडून आल्यावर मिनिटभर असं होणं वेगळं.

डोकं: कपाळावरची पिसं ओली, चिकट, गुच्छ झालेली असतील तर ती उलटी आहे. आजारी पक्षी मान झटकून उलटी करतो आणि ती त्याच्याच डोक्यावर उडते. आरशाला किंवा जोडीदाराला मान हलवत नेटकेपणानं दाणे भरवणं ही उलटी नव्हे; ते प्रेम आहे, आणि त्यासाठी आरसा काढणं एवढंच औषध.

चोचीवरची नाकपुड्यांची पट्टी: मोठ्या नराची निळी, मादीची फिकट किंवा तपकिरी. नराची निळी पट्टी हळूहळू तपकिरी होऊ लागली तर वृषणातल्या गाठीचा संशय घ्यावा. बजींत गाठी दुर्दैवानं फार होतात. एकाच पायानं लंगडणाऱ्या बजीला मार लागलेला नसेल, तर पोटातली गाठ पायाच्या नसेवर दाबत असण्याचीही शक्यता असते.

आणि दाण्याची वाटी. नवशिक्यांचा सर्वात मोठा घात इथे होतो. बजी दाणा सोलून खातो आणि फोलपट वाटीतच टाकतो. वाटी भरलेली दिसते, पण आत नुसती फोलपटं असतात. रोज फुंकर मारून बघा. उलटंही होतं: आजारी पक्षी वाटीपाशी बसून दाणे नुसते चिवडतो, गिळत नाही. वाटीवर बसला म्हणजे खातोय असं समजू नका. त्याची विष्ठा मोजा.

४. विष्ठा वाचायला शिका

तळाला वाळू किंवा भुसा नको, साधा पांढरा कागद घाला आणि रोज बदला. छापील वर्तमानपत्रावर रंग नीट कळत नाही. बजी दिवसाला चाळीसच्या आसपास वेळा विष्ठा टाकतो. प्रत्येक थेंबात तीन भाग असतात: गडद हिरवी-तपकिरी वेटोळी, तिच्यावर पांढरा भाग, आणि कडेला थोडं पाणी.

आकडा निम्म्यावर आला, तर पक्षी खात नाही. मऊ, चमकदार गडद हिरवे थेंब हीसुद्धा उपासमारीची खूण. आतडं रिकामं असतं आणि फक्त पित्त येतं. डांबरासारखी काळी विष्ठा म्हणजे वरच्या आतड्यात रक्तस्राव. पांढऱ्याऐवजी पिवळा किंवा पोपटी भाग दिसला, तर यकृताकडे बघावं लागतं. अख्खे, न पचलेले दाणे बाहेर पडत असतील आणि पक्षी खा-खा खाऊनही वाळत असेल, तर जठरातल्या बुरशीचा संशय सर्वात आधी घ्यावा. तिला बोलीत मेगाबॅक्टेरिया म्हणतात, पण ती जिवाणू नाही, त्यामुळे नेहमीची अँटिबायोटिक्स तिच्यावर चालत नाहीत. ती ताज्या विष्ठेत सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, वाळलेल्या विष्ठेत शोधणं अवघड.

काकडी किंवा कोथिंबीर खाल्ल्यावर, किंवा घाबरल्यावर, कडेचं पाणी वाढतं. वेटोळी घट्ट असेल तर ते जुलाब नव्हेत. वेटोळीच पसरट झाली आणि शेपटीखालची पिसं लडबडली, तर मात्र जुलाब.

५. किती घाई करायची?

तासाभरात हालचाल करा: तोंड उघडून श्वास, थांबत नसलेलं रक्त, झटके, तळाशी पडून राहणं, मांजराचा दात किंवा नख लागणं. शेवटच्याबद्दल गैरसमज फार. जखम टाचणीच्या टोकाएवढी असली तरी मांजराच्या तोंडातले जंतू रक्तात जातात आणि दोन-तीन दिवसांत पक्षी जातो. अँटिबायोटिक त्याच दिवशी सुरू व्हायला हवं.

पस्तीस ग्रॅमच्या पक्ष्याच्या अंगात सगळं मिळून साडेतीन मिलीच्या आसपास रक्त असतं. त्यामुळे दहा-बारा थेंब गळणं ही त्याच्यासाठी मोठी गोष्ट. नखातून रक्त येत असेल तर कॉर्नफ्लोअर दाबून दोन मिनिटं धरा. उघड्या जखमेत मात्र पीठ भरू नका, तिथे गॉझनं दाब द्या. पक्षी धरताना छाती आवळू नका. पक्ष्याला श्वासासाठी छाती पुढे-मागे हलवावीच लागते. मुठीत घट्ट धरलेला बजी गुदमरून मरतो.

मादी फुगलेली, पाय फाकवून तळाशी बसलेली, शेपूट पंपासारखी हलवत कुंथते आहे? अंडं अडकलं असण्याची शक्यता धरा. ३० अंशांच्या आसपास ऊब द्या, पिंजऱ्याशेजारी गरम पाण्याचं भांडं ठेवून हवा दमट करा आणि डॉक्टरांना फोन लावा. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका. आत फुटलं तर मादी वाचणं कठीण. तेल घालणंही नको.

त्याच दिवशी दाखवा: खाणं बंद, उलट्या, काळी विष्ठा, दिवसभर फुगून बसणं, श्वासाबरोबर टिकटिक किंवा चीं-चीं आवाज. नुसत्या दाण्यांवर वाढलेल्या बजीत असा आवाज आयोडीन कमी पडून थायरॉइड सुजल्यामुळेही येतो. त्यावर मीठ चारू नका, औषध डॉक्टर देतील.

या आठवड्यात दाखवा: चोचीच्या कडेला आणि पायांवर मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं असलेली राखाडी खपली. हा खरजेचा किडा. खपली खरवडू नका. चोच वाढून वाकडी होणं आणि पीसगळीशिवाय पिसं झडणंही याच गटातलं.

६. ऊब द्या, पण सोलापूरचा उन्हाळा विसरू नका

आजारी पक्ष्याला पहिलं औषध म्हणजे ऊब. अंगाचं तापमान राखण्यात खर्च होणारी ताकद वाचते आणि ती बरं होण्याकडे लागते. लहान पिंजऱ्यात २८ ते ३० अंश ठेवा. बल्ब बाहेर, एकाच बाजूला, बारपासून वीतभर लांब. तीन बाजू कापडानं झाका, पण बल्बची बाजू उघडी. सोलापुरी चादर चांगली जाड असते, ती बल्बला टेकली तर करपते. पक्ष्याला उबेपासून लांब सरकायला जागा हवी. दांडी तळापासून दोन बोटं उंचीवर ठेवा, पडला तरी लागणार नाही.

हा सल्ला थंड देशांतून आलेला आहे, आणि इथे तो डोळे मिटून पाळला तर पक्षी मरतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे बाहेर ४२-४३ अंश असतात, पत्र्याच्या घरात दुपारी आतही चाळीसच्या जवळ जातं. तिथे बल्ब लावणं म्हणजे भाजणं. म्हणून थर्मामीटर आधी, बल्ब नंतर. खोली ३० च्या वर असेल तर बल्बचं नाव नको. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे मात्र तोच बल्ब रात्रभर लागतो.

उन्हाचा त्रास आणि आजार यांत गल्लत होते, पण फरक स्पष्ट आहे. उकाड्यानं हैराण झालेला पक्षी पिसं अंगाला चिकटवून बारीक होतो, पंख अंगापासून सुटे धरतो आणि चोच उघडी टाकून धापा टाकतो. आजारी पक्षी फुगतो. आणि ३८ अंशांच्या खोलीत फुगून बसलेला बजी दिसला तर शंकेला जागाच नाही: एवढ्या उकाड्यात त्याला थंडी वाजते आहे, तो गंभीर आहे.

उन्हाचा त्रास असेल तर पक्षी आतल्या, खालच्या मजल्यावरच्या खोलीत न्या. पाय आणि पंखांखाली साध्या पाण्याचा हलका फवारा मारा. पिंजऱ्याच्या एका बाजूला ओलं फडकं लावा, पंखा खोलीत चालू ठेवा पण त्याच्यावर रोखू नका. बर्फाचं पाणी नको, धक्का बसतो. वाटीतलं पाणी दुपारी बदलाच; गच्चीवरच्या टाकीचं मे महिन्यातलं पाणी थेट दिलं तर तेही कढत असतं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, पिंपात साठवलेलं वापरावं लागतं. पक्ष्यांसाठी ते उकळून, गार करून द्या.

७. दाणा आणि पाणी

आजारी पक्ष्याच्या तोंडासमोर अन्न हवं. राळ्याचं कणीस दांडीलाच बांधा, दाणे तळाला पसरा, पाण्याची उथळ वाटी जवळ ठेवा. आहार सुधारायची ही वेळ नाही. त्याला जे सवयीचं आहे तेच द्या. मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर हे सगळं बरं झाल्यावर.

जुलाब किंवा उलट्या असतील तर ओआरएस पुडीवरच्या मापानं कालवा, पाण्याऐवजी चार-सहा तास ठेवा आणि उरलेलं फेकून द्या. चोचीत पाणी ओतू नका. सिरिंजच्या टोकावर एक थेंब आणून चोचीच्या कडेला टेकवा, त्यानं स्वतः चाटला पाहिजे. ओतलेलं पाणी श्वासनळीत जातं आणि आजारापेक्षा लवकर मारतं.

हुरड्याची कोवळी कणसं बजींना भारी आवडतात, पण फवारणी न केलेल्या शेतातलीच द्या. शेंगदाणे आणि शेंगाचटणी अजिबात नको: दाण्यात बुरशीचं विष असू शकतं, चटणीत मीठ आणि तेल.

८. मेडिकलवरून आणि दुकानातून काय आणू नका

पक्ष्यांच्या दुकानात पाण्यात टाकायची पिवळी पूड मिळते, बहुतेक वेळा टेट्रासायक्लिन. बजी दिवसाला चमचाभरही पाणी पीत नाही. पाणी कडू झालं की तेही सोडतो. डोस पोटात किती गेला याचा पत्ता लागत नाही, समुद्रफेसातलं कॅल्शियम उरलंसुरलं निकामी करतं, आणि नंतर डॉक्टरांनी तपासणी केली तर निदान गढूळ होतं.

खरजेसाठी गुरांचं आयव्हरमेक्टिन "एक थेंब मानेवर" टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. हिशेब करून बघा. नेहमीचा डोस किलोला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे ३५ ग्रॅमच्या पक्ष्याला ०.००७ मिलिग्रॅम. गुरांच्या इंजेक्शनमध्ये एका मिलीत १० मिलिग्रॅम असतं. एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा, त्यात ०.५ मिलिग्रॅम. म्हणजे जवळजवळ सत्तरपट. औषध चांगलं आहे, पण ते पातळ करून, मोजून डॉक्टरांनीच लावायचं.

ब्रँडीचे थेंब, पॅरासिटामॉल, माणसांची खोकल्याची औषधं: यातलं काहीही नको.

अचानक, एकाच वेळी दोन-तीन पक्ष्यांना धाप लागली तर आजाराआधी हवेचा विचार करा. तापलेला नॉनस्टिक तवा, मच्छर कॉइल, धूप, झुरळांची फवारणी, ताजा रंग. पक्ष्यांना आधी मोकळ्या हवेत न्या, मग फोन करा. दिवाळीत आणि गड्ड्याच्या यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाच्या रात्री होम मैदानाजवळ राहणाऱ्यांनी पिंजरा आतल्या खोलीत घ्यावा आणि मंद दिवा चालू ठेवावा. अंधारात दचकलेले बजी बारवर आपटून पंख मोडून घेतात.

९. डॉक्टर गाठणं

हे काम पक्षी ठणठणीत असतानाच करा. जवळपासच्या प्राण्यांच्या दवाखान्यांत फोन करून तीन प्रश्न विचारा: पक्षी बघता का, ग्रॅमवर वजन करता का, विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली बघता का. कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टर पक्ष्यांना "आम्ही बघत नाही" म्हणतात, तो प्रामाणिकपणा आहे. त्यांनाच पुढचं नाव विचारा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातही चौकशी करा, तिथल्या डॉक्टरांना कोंबड्यांची सवय असते. १९६२ हा पशुसंवर्धन विभागाचा टोल फ्री क्रमांक मुख्यतः गुरांसाठी आहे, पण जवळचा दवाखाना कळायला उपयोगी पडतो.

पुण्याला दाखवायचं म्हटलं तर ते सोलापूरहून अडीचशे किलोमीटरवर. आधी फोनवर व्हिडिओ दाखवून विचारा. धापा टाकणाऱ्या पक्ष्याला तेवढा प्रवास सोसत नाही. जायचंच झालं तर उन्हाळ्यात पहाटे निघा.

सोबत न्यायचं:

- वजनाची वही, वय, कुठून कधी आणला, कोणतं औषध आधीच दिलं (लाजून लपवू नका).
- दाण्याचा नमुना.
- दोन-तीन तासांतली ताजी विष्ठा प्लास्टिकच्या तुकड्यावर. टिश्यू पेपर ओल शोषतो, त्यावर नको.
- श्वासाचा, चालण्याचा मोबाइल व्हिडिओ.

डब्यात कापड अंथरा, दांडी काढा, पाण्याच्या वाटीऐवजी काकडीची चकती ठेवा, वरून अंधार करा. निघताना डोस मिलीमध्ये लिहून घ्या, आणि पहिला डोस त्यांच्यासमोर देऊन दाखवा. "अर्धा थेंब" असं कुणी सांगितलं तर पुन्हा विचारा.

औषध सुरू झाल्यावर रोज त्याच वेळी वजन करा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पक्षी तरतरीत दिसला तरी कोर्स अर्धवट सोडू नका.

१०. बाकीचे पक्षी आणि घरातली माणसं

आजारी पक्षी वेगळ्या खोलीत. दाणापाणी आधी निरोगी पक्ष्यांचं, शेवटी आजाऱ्याचं, मग साबणानं हात. नवा आणलेला पक्षीही असाच तीस ते पंचेचाळीस दिवस वेगळा ठेवायचा. दुकानदार "एकदम फिट आहे" म्हणाला तरी.

सिटॅकोसिस हा जिवाणूचा आजार पक्ष्यांकडून माणसांना होतो, वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून. तळाचा कागद झाडू मारून काढू नका. आधी पाणी शिंपडा, मास्क लावा, गुंडाळून टाका. घरात कुणाला ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला आला तर आपल्या डॉक्टरांना पक्षी पाळल्याचं स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. गरोदर बाई, लहान मूल आणि दम्याचा रुग्ण यांना पिंजऱ्याच्या साफसफाईपासून लांब ठेवा. पक्ष्यांत याचा उपचार डॉक्सिसायक्लिननं साधारण ४५ दिवस चालतो.

पक्षी दगावला आणि घरात आणखी पक्षी असतील तर शवविच्छेदन करून घ्या. पिसं साबणाच्या पाण्यानं भिजवा, दोन पिशव्यांत बांधा आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये ठेवू नका. गोठलं की पेशी फुटतात आणि कारण सापडणं अवघड होतं. चोवीस तासांच्या आत डॉक्टरांकडे पोचवा. एका-दोन दिवसांत अनेक पक्षी मेले, किंवा परिसरात कोंबड्या, कावळे मरत असतील, तर उघड्या हातानं स्पर्श न करता पशुसंवर्धन विभागाला कळवा.